वयोमर्यादा

बसच्या रांगेत माझ्यापुढे मावशी-भाची उभ्या होत्या.

"झाली का गं मीटिंग?"

"झाली. माझी शेवटचीच."

"का? भांडलीस?"

"नाही गं मावशी. तरुणांना नैराश्य येऊच नये म्हणून संशोधन कसं करायचं, ते तरुणांनीच ठरवायचं, अशी आमची समिती. कॉलेजात असल्यापासून ठरवतेय. आता माझंच वय उलटून गेलं."

"आणि संशोधन?"

"मंजुरीत अडकलंय."

"घ्या! वरातीमागून घोडं."

"समितीवाले म्हणाले, तुझ्या जागी घरातलं कुणी लहान असेल तर पाठव."

"मग धाकटीला पाठव की. तेवढीच बाहेर पडेल."

"सकाळी विचारलं तिला, बंद दारातूनच."

"अजून दार उघडत नाही?"

"नाही. रात्रीचं ताट तेवढं रिकामं करून बाहेर ठेवायची. आज तेही भरलेलंच होतं."