दोन पलंगांमधले दीड फूट

पुणे शहर, दिनांक २१ फेब्रुवारी २०१२

मी, सौ. ललिता भीमराव रणपिसे, वय ५९ वर्षे, निवृत्त शिक्षिका, राहणार धायरी, पुणे. पोलीस ठाण्यात स्वतः येऊन, कोणी न बोलावता, सांगते की,

वरील पत्त्यावर मी पतीसह राहत होते. पती भीमराव, वय ६४, टेलिफोन खात्यातून निवृत्त. मुलगा राकेश हिंजवडीत सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीस असून पत्नीसह तिकडेच राहतो. २००८ साली शाळेच्या जिन्यावरून पडल्याने माझ्या पाठीच्या कण्याला मार बसला. तेव्हापासून मला चालता येत नाही व अर्ध्या तासापेक्षा जास्त बसवत नाही.

मला सांचीचा स्तूप पाहायचा होता. नोकरीत असताना सुट्टी जुळली नाही. राकेश म्हणाला, विमानाने नेतो. पण विमानात मला आडवे होता आले नसते. तेव्हा पतींनी मागच्या वर्षी हिंजवडीच्या कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांची ने-आण करणारी एक जुनी मिनीबस विकत घेतली. म्हणाले, "तुला झोपूनच नेतो."

बसमध्ये पलंग बसवण्याचे काम धायरीतील मेहबूब इमाम आतार यांना दिले. ते पूर्वी मार्केट यार्डाजवळ टेंपोच्या बॉड्या बांधत. काम दोन महिने चालले. पती रोज त्यांच्या शेडवर जाऊन बसत. तीन-चार वेळा मलाही व्हीलचेअरवरून नेले होते, म्हणून काम मी डोळ्यांनी पाहिले आहे.

आतार यांनी सर्व सीट काढल्या. फरशीला सीटची जुनी भोके होती. त्यांतच बोल्ट मारा, काम लवकर होईल, असे पतींनी सुचवले. आतार म्हणाले, "साहेब, इथला पत्रा गंजलाय. ताईंना मी पत्र्याच्या भरवशावर झोपवणार नाही." त्यांनी लोखंडी चौकोनी पाइपचे दोन पलंग तयार केले व गाडीखाली झोपून सांगाड्याच्या आडव्या पट्ट्यांना जाड प्लेटा जोडल्या. माझ्या पलंगाचे चारही बोल्ट खालून पक्के केले. पतींच्या पलंगाखाली पाण्याची टाकी असल्याने तो साफसफाईसाठी काढता यावा लागणार होता. म्हणून त्याचे नट खाली प्लेटला वेल्ड केले व बोल्ट वरून उघडतील असे ठेवले. माझ्या पलंगाला छातीवरून व मांड्यांवरून असे दोन पट्टे लावले. पतींच्या पलंगाला पट्टा नव्हता, कारण गाडी चालू असताना त्यांनी पुढच्या सीटवर पट्टा लावून बसायचे असे ठरले होते. हे आतार यांनी त्यांना माझ्यासमोर दोनदा बजावले.

काम झाल्यावर दोन्ही पलंगांवर वाळूची पोती बांधून त्यांनी गाडी रस्त्यावर काढली, सहा वेळा जोरात ब्रेक मारला आणि परत येऊन प्रत्येक बोल्ट तपासला. एकही हलला नव्हता. बोल्ट सैल झाला तर चटकन कळावे म्हणून प्रत्येकावर पिवळ्या रंगाची रेघ ओढून दिली.

दोन पलंगांमध्ये दीड फूट जागा होती. व्हीलचेअर जवळ आणायला तेवढी लागतेच, असे आतार म्हणाले. पती म्हणाले, "एकोणचाळीस वर्षांत भांडणानंतरसुद्धा आम्ही इतके लांब झोपलो नव्हतो."

दिनांक १ फेब्रुवारी रोजी आम्ही निघालो. सोबत चालक वैजनाथ होते. पहिल्या मुक्कामाला माझ्या पायांत गोळे आले. पडल्या पडल्या पतींचा हात माझ्या पायांपर्यंत पुरेना. त्यांनी पान्याने स्वतःच्या पलंगाचे चार बोल्ट काढले व पलंग माझ्या पलंगाला लावला. त्यानंतर प्रत्येक मुक्कामी ते तसेच करत. सकाळी पलंग पुन्हा जागेवर सरकवून, भोके जुळवून, बोल्ट आवळत. याला वीस मिनिटे लागत. वैजनाथ तोवर चहा पिऊन येत.

सांचीला आम्ही दोन दिवस होतो. पहिल्या दिवशी पतींनी व वैजनाथ यांनी मला व्हीलचेअरसकट वर नेले. तिथे काय बोललो ते या कामाशी संबंधित नाही.

तेथूनच पतींनी आतार यांना फोन करून गाडीचे कौतुक केले. बोलता बोलता पलंग सरकवतो हेही सांगितले. आतार यांनी बोल्ट उघडू नका म्हणून विनवले. पती हसून म्हणाले, "सकाळी लावतो की, मेहबूबभाई. तुमच्याइतकेच घट्ट लावतो."

परतीच्या वाटेवर दिनांक १० च्या रात्रीचा मुक्काम अहमदनगरच्या अलीकडे होता. दिनांक ११ रोजी सकाळी माझ्या पाठीत फार कळा होत्या. गोळी घेऊनही थांबल्या नाहीत. त्या दिवशी पलंग जागेवर गेला नाही व पती पुढच्या सीटवर बसले नाहीत. पुण्यापर्यंत ते त्याच पलंगावर, माझ्या बाजूला बसून आले.

दुपारी सव्वाचारच्या सुमारास सिंहगड रस्त्यावर, धायरी फाट्याच्या अलीकडे, एक मोटारसायकल अचानक आडवी आली. वैजनाथ यांनी जोरात ब्रेक मारला. त्यांचा दोष नाही. पतींचा पलंग त्यांच्यासह पुढे गेला व त्यांचे डोके पुढच्या बाजूला बसवलेल्या स्वयंपाकाच्या ओट्याच्या लोखंडी कोपऱ्यावर आपटले. माझा पलंग हलला नाही. मला पट्टे होते. पती माझ्यापासून सहा-सात फुटांवर पडले होते. पट्टे सोडवता आले असते तरी मी तिथवर जाऊ शकले नसते. मी त्यांना हाका मारत होते. सायंकाळी सात वाजून दहा मिनिटांनी रुग्णालयात ते मयत झाल्याचे सांगण्यात आले.

पंचनाम्यात पतींच्या पलंगाला बोल्ट नसल्याचे आले. त्यावरून राकेशने आतार यांच्याविरुद्ध हयगयीची तक्रार दिली. आतार यांना तीन दिवस ठाण्यात बसवून विचारपूस झाली असे मला समजले. ते परवा घरी भेटायला आले होते. मी विचारले, "मेहबूबभाई, बोल्ट कोणी काढले ते तुम्हाला माहीत होतं. सांगितलं का नाही?"

ते म्हणाले, "ताई, साहेब गेले. आता त्यांच्या नावावर चूक कशाला लिहायची? माझं काय, मी निभावून नेईन."

ते चार बोल्ट व पाना रुग्णालयातून मिळालेल्या पतींच्या कपड्यांच्या पिशवीत होते. आज मी ते हजर करत आहे. बोल्टांवर पिवळा रंग आहे.

मी ही पिशवी राकेशला दाखवली होती. तो म्हणाला, "आई, तू यात पडू नकोस. कोणीतरी जबाबदार असायलाच पाहिजे." त्याचा वडिलांवर फार जीव होता. त्याच्यावर माझा राग नाही. आज येते हे मी त्याला सांगितलेले नाही. शेजारच्या हेमाताईंनी मला रिक्षाने आणले.

अपघाताच्या दिवशी रुग्णालयात माझा जबाब घेतला, तेव्हा बोल्टांबद्दल मला माहीत नाही असे मी सांगितले होते. ते खोटे होते.

आज महिला हवालदारांनी मला विचारले की, मग मयताच्या स्वतःच्या हयगयीमुळे अपघात घडला असे लिहायचे का. तसे लिहू नये. त्या सकाळी पती चारही बोल्ट हातात घेऊन पलंग सरकवायला उठले होते. मी त्यांचा हात सोडला नाही. मी म्हणाले, "आज राहू द्या ना. घरीच तर जायचंय." ते म्हणाले, "मेहबूबभाई रागावतील." मी म्हणाले, "त्यांना कोण सांगतंय?" तेव्हा त्यांनी बोल्ट खिशात टाकले.

माझी आतार यांच्याविरुद्ध किंवा वैजनाथ यांच्याविरुद्ध तक्रार नाही.

हा जबाब मला मराठीत वाचून दाखवण्यात आला. त्या सकाळबद्दलचा परिच्छेद मी दोनदा वाचायला लावला. तो मी सांगितल्याप्रमाणेच आहे, त्यात काही कमी करायचे नाही.

(सही) ललिता भीमराव रणपिसे