मुलगी बघण्याची बाग

(जपानमधल्या कानाझावातली एक जुनी बाग. तळ्याकाठच्या चहाघरात फुसाए आणि तिची पूर्वीची सून, म्हणजे मुलगा शिगेकीची पहिली बायको, मिसाओ बसल्या आहेत.)

मिसाओ: स्टेशनवर भेटलो असतो तरी चाललं असतं. मला परतीची गाडी धरायचीय.

फुसाए: स्टेशनवर काय बोलणार? इथंच तुला पहिल्यांदा पाहिलं होतं आम्ही. म्हटलं, बरं वाटेल.

मिसाओ: कोणाला?

फुसाए: चहा घे गं, निवतोय. ते बघ, बर्फानं फांद्या मोडू नयेत म्हणून पाइनला दोर बांधायला लागली माणसं. यंदा बर्फ लवकर पडणार म्हणतात.

मिसाओ: बोलावलंत कशाला, ते सांगा.

फुसाए: पूर्वी आई म्हणायचीस मला.

मिसाओ: म्हणायचे.

फुसाए: शिगेकीची उजवी बाजू लकव्यानं गेली. अंघोळ घालताना माझ्याच्यानं उचलवत नाही आता. परवा दोघंही न्हाणीत पडलो. शेजारीण येईपर्यंत तसेच पडून होतो.

मिसाओ: आणि ती कुठंय? तुमची लाडकी सून?

फुसाए: गेली. मुलालाही घेऊन गेली. नवरा अंथरुणाला खिळल्यावर कोण थांबतंय.

मिसाओ: मी थांबले असते. मला तर तुम्ही घालवलंत.

फुसाए: मी कुठं घालवलं? त्याचं मन तिच्यावर बसलं, त्याला मी काय करणार?

मिसाओ: तिला दिवस गेल्याचं कळलं, तेव्हा माझं सामान कोणी बांधलं? शिगेकी घरीसुद्धा नव्हता. तुम्ही बांधलंत, नीट घड्या घालून. माझी लहानगी कानाए तापानं फणफणली होती. तिलाही माझ्या पाठीशी बांधून दिलंत.

फुसाए: जुनं उगाळून काय मिळणार आहे?

मिसाओ: मग इथं का आणलंत? बघायच्या दिवशी तुम्हीच फिरवलं होतंत मला. ते दगड म्हणजे कासव, पलीकडचे सारस, दोन्ही दीर्घायुष्याचे. पाइन बारा महिने हिरवा, तशी सून हवी. आणि धबधब्याखालचा तो उभा दगड म्हणजे मासा. पाणी चढून वर गेला की त्याचा ड्रॅगन होतो. त्याच्यापुढं हात जोडायला लावलेत मला. मुलगा व्हावा म्हणून. लग्न ठरलंसुद्धा नव्हतं तेव्हा.

फुसाए: मलाही माझ्या सासूनं लावले होते. मला मुलगा झाला. आता त्यालाच भरवते, पुसते.

मिसाओ: कानाए झाली तेव्हा तुम्ही दवाखान्यात आलात. दुपट्यात डोकावलात आणि म्हणालात, "मासा खालीच राहिला."

फुसाए: असं म्हटलं मी?

मिसाओ: हसत म्हटलंत. नर्सही हसली.

फुसाए: आठवत नाही गं. खरंच. तो मोठा पाइन बघ, माझ्या लहानपणीही एवढाच होता. उन्हापावसात, बर्फात उभा आहे. बाईनं घर धरून ठेवायचं म्हटलं तर...

मिसाओ: त्याच्या फांद्यांखाली टेकू किती आहेत, तेही बघा. फोटो सगळे झाडाचा काढतात.

फुसाए: बरं बाई. हात टेकले मी तुझ्यापुढं. तू नको येऊस. कानाएला तरी पाठव सुट्टीत. लेकीला बघून त्याला उभारी येईल.

मिसाओ: तो जिवंत आहे हे तिला माहीत नाही.

फुसाए: म्हणजे?

मिसाओ: बाप वारला असं सांगितलंय. दारात तुम्हीच म्हणाला होतात ना, आजपासून आम्ही तुला मेलो. ती विचारायला लागली, तेव्हा तेच सांगितलं. रोज शाळेला निघताना उदबत्ती लावते त्याला.

फुसाए: जिवंत माणसाला? अगं, काय करून बसलीस.

मिसाओ: घंटी वाजवते, हात जोडते. परीक्षा असली की जरा जास्त वेळ बसते.

फुसाए: आणि मी? माझं काय सांगितलंस?

मिसाओ: तेच.

फुसाए: मग मलाही लावते?

मिसाओ: वेगळी नाही लावत. दोघांची मिळून एकच.

फुसाए: एकच.

मिसाओ: निघते मी. गाडी चुकेल.

फुसाए: जरा उठव मला. इतका वेळ गुडघे मोडून बसले, पाय आखडलेत.

मिसाओ: काठी तुमच्या डाव्या हाताला आहे.