विसरलेलं नर झाड

कॅलिफोर्नियाच्या डोंगरात, खताच्या दुकानापुढच्या रांगेत रॉस्को उभा होता. पुढे दोन म्हाताऱ्या गांजाच्याच गप्पांत रंगल्या होत्या.

“मर्ना, तुझा क्लाइड एक नर झाड उपटायला विसरला, त्याचे पराग कुंपणापलीकडे उडाले आणि माझा अख्खा मळा बियांनी भरला. बियांचा गांजा कोण घेतो? माल वाया! किती शिव्या घातल्या मी!”

“ऐकल्यात की.”

“पण त्याच बियांचं झाड बघ आता! उंची माझ्या थाई मादीची, पावसाआधी पिकायची घाई तुमच्या अफगाण नराची. वास तर थेट संत्र्याच्या सालीचा! नाव ‘क्लाइड’च ठेवलंय. आज असता तर दाखवलं असतं.”

“ओडेट, तो विसरला नव्हता गं.”

“म्हणजे?”

“तुझ्या झाडांवर भारी जीव त्याचा. सोयरीक मागायला मात्र लाजायचा.”