मैदानाकडे पाठ करून चार वर्षं

तुम्ही कधी स्वतःच्या पोराकडे पाठ करून चार वर्षं उभे राहिलात का हो? नाही ना? मग मला शांत हो म्हणू नका! सगळे तेच सांगतात... शांत हो मार्लिस, खाली बस मार्लिस, कॉफी घे मार्लिस... आणि किकची वेळ आली रे आली, की हीच शांत माणसं एका सुरात ओरडतात, "फिर गं, मार्लिस, फिर!" आणि मी फिरते. मुकाट फिरते. तीस हजार माणसं मैदानाकडे तोंड करून, आणि मी एकटी मागच्या रांगेकडे तोंड करून!

तुम्हाला सांगते, माझा ब्रँट आमच्या प्रेअरी स्टेट युनिव्हर्सिटीच्या अमेरिकन फुटबॉलच्या टीममध्ये आहे, पण तो धावत नाही, झेलत नाही, चेंडू शेवटच्या रेषेपार नेऊन टचडाउन करत नाही. तो ओणवा होतो आणि दोन पायांमधून चेंडू मागे फेकतो. बस. मागे सात-आठ यार्डांवर एक पोरगा गुडघ्यावर बसलेला असतो, तो झेलतो, उभा धरतो, तिसरा येऊन त्याला लाथ घालतो आणि समोरच्या दोन खांबांमधून पाठवतो. टाळ्या त्या तिसऱ्याला! चेंडू नीट गेला तर ब्रँटचं नाव कुणी घेत नाही. नीट नाही गेला तर... ते नाव आख्खं स्टेडियम घेतं. चार वर्षांत त्याचं नाव लाऊडस्पीकरवर एकदाच आलं, आणि त्या एकदा मी बघत होते!

पहिल्याच वर्षी हो, दुसऱ्याच सामन्यात. आधीच्या सामन्यात माझ्या सॉसेजवरची मोहरी ओघळून कोटावर पडली होती, ती पुसायला मी मागे वळले, आणि तेवढ्यात पोराने झकास चेंडू फेकला. या वेळी मोहरी नाही, काही नाही, मी चांगली डोळे फाडून बघत होते, आणि चेंडू गेला थेट त्या लाथ मारणाऱ्याच्या डोक्यावरून! तो बिचारा चेंडूमागे उलटा धावतोय, सगळी धांदल, आणि लाऊडस्पीकर सांगतोय, "ब्रँट हाल्वोर्सन!" मला वाटलं, जमीन दुभंगावी. माझा नवरा, ड्वेन, एरवी अगदी गरीब माणूस, दिवसभरात चार वाक्यं बोलेल न बोलेल, त्याने माझ्याकडे वळून बघितलं आणि म्हणाला, "मार्लिस, तू बघू नकोस." झालं! पुढच्या वेळी मी वळले, चेंडू सरळ. त्याच्या पुढच्या वेळी वळले, सरळ. मग हे सगळ्या पालकांना कळलं, आणि सांगते काय, पालकांना एकदा कळलं की ते सामन्याच्या नियमांपेक्षा पक्कं होतं!

चार वर्षं मी काय बघितलं? मागची रांग! तिथे एका पोराने एका बाईला लग्नाची मागणी घातली, ती मी बघितली, पुढच्या मोसमात तिचं पोट बघितलं, त्याच्या पुढच्या मोसमात तिच्या बाळाला दात येताना बघितले. तिचं बाळ मला आजी म्हणतं! किक चांगली गेली की नाही हे मी त्यांच्या तोंडांवरून ओळखते. भुवया वर, म्हणजे गेली. माझ्या पोराने तीनशेच्या वर चेंडू फेकले हो... एक नीट फेकलेला मी बघितलेला नाही.

म्हणून मी यंदा ठरवलं. सहा सामने जिंकलो, सहा हरलो, आणि काठावर का होईना, आम्हाला एक बाऊल, म्हणजे मोसमानंतरचा मानाचा सामना, मिळाला. आता मोठे बाऊल मोठ्यांना. आम्हाला मिळाला तो लोणच्याच्या काकड्या विकणाऱ्या एका कंपनीचा, खाली अलाबामात, सत्तावीस डिसेंबरला, सकाळी अकरा वाजता! जिंकणाऱ्या कोचच्या डोक्यावर काकड्यांचं आंबट पाणी ओततात, असा तो मान. पण ब्रँटचा शेवटचा सामना होता. पुढे कुणी त्याला खेळायला नेणार नाही, सोमवारपासून तो गावात धान्याच्या कोठारावर कामाला लागणार, आणि तिथे पायांमधून काही फेकायचं नसतं. म्हणजे आज नाही तर कधीच नाही, बरोबर ना?

सकाळी आठ वाजता, पार्किंगमध्ये, ड्वेन शेगडीवर सॉसेज भाजत होता, आजूबाजूला आमची सगळी पालकमंडळी घडीच्या खुर्च्या टाकून बसलेली. मी म्हटलं, "ड्वेन, आज मी बघणार आहे." त्याच्या हातातला चिमटाच पडला!  आमचा क्वार्टरबॅक, म्हणजे सगळा खेळ चालवणारा पोरगा, त्याचे आजोबा, ओरिन आजोबा, ऐंशीच्या पुढचे, त्यांनी टोपी मागे सारली. "पोरी," म्हणाले, "मी या गुडघ्यांनी अकराशे मैल आलोय, ते काय तुझे लाड बघायला?"

मी म्हटलं, "आजोबा, माझा मुलगा आहे तो."

"आणि माझा नातू आहे! आणि ही रोशेल, हिचा मुलगा लाथ मारतो, हिला विचार!"

रोशेल माझी चांगली मैत्रीण हो, गेली चार वर्षं एकाच गाडीतून जातो आम्ही. तिने माझा हात धरला आणि अगदी गोड आवाजात म्हणाली, "मार्लिस, घरी जाऊन व्हिडिओ बघ ना राणी." व्हिडिओ! व्हिडिओत सगळे चेंडूमागे जातात हो, माझ्या पोराचं फक्त बूड दिसतं!

शेवटी त्यांनी सभा भरवली. खरंच सांगते, सॉसेज खाता खाता सभा! आणि ठराव झाला, की सामन्याचा शेवटचा, चौथा क्वार्टर सुरू होताना आपण चौदा गुणांनी पुढे असू, तर मार्लिसला एकदा बघू द्यायचं. एकदाच. मी शाळेच्या जेवणघरात काम करते, रोज चारशे पोरांना वाढते, पण त्या सकाळी माझं सॉसेज मी ड्वेनच्या ताटलीत टाकलं.

आणि काय सांगू, पोरं काय खेळली! टचडाउन, त्यामागोमाग जास्तीच्या गुणाची किक, "फिर गं, मार्लिस, फिर!" पुन्हा टचडाउन, "फिर!" मी आपली भोवऱ्यासारखी... तिसऱ्या क्वार्टरला आम्ही सतरा गुणांनी पुढे! सतरा! मी ओरिन आजोबांकडे बघितलं, त्यांनी मान हलवली, ठराव म्हणजे ठराव. मी लिपस्टिक काढून लावली. कशाला? तो मला बघणार होता थोडाच, त्याचं डोकं तर खाली! पण लावली. आणि तिसरा क्वार्टर संपायला अकरा सेकंद असताना समोरच्यांच्या एका काटकुळ्या पोराने चेंडू घेतला आणि जो सुटला, जो सुटला... सतराचे दहा झाले. ओरिन आजोबा म्हणाले, "दहा." एवढंच. मी लिपस्टिक पुसली.

मग बसायला कुणाला सुचतंय? मी जिन्यावर जाते, परत येते, टोपी काढते, घालते, ड्वेनचीही काढते... आणि ते समोरचे थोडं थोडं कुरतडत आले, आले, आणि दोन गुणांनी पुढे गेले. चार सेकंद उरले. आमच्या कोचने किकवाल्यांना आत पाठवलं. त्रेचाळीस यार्डांवरून एकच किक, बसली तर जिंकलो, नाही तर संपलं. माझा ब्रँट चेंडूपाशी ओणवा झाला, आणि पाठीमागून सगळा विभाग, तो बाळवाला बापसुद्धा, "फिर गं, मार्लिस, फिर!"

फिरले. समोरच्यांनी टाइमआउट घेतला, खेळ थांबला. पुन्हा पुढे फिरले, पाणी प्यायले. पुन्हा ओणवा, "फिर!" फिरले. समोरचा एक दांडगा पोरगा घाईने आधीच घुसला, शिट्टी, त्यांना दंड, आम्ही पाच यार्ड पुढे, पुन्हा पहिल्यापासून. मी पुढे फिरले... पुन्हा "फिर!", आणि पायांनी ऐकलंच नाही हो. रोशेल म्हणतेय, "मार्लिस... मार्लिस, प्लीज!" ओरिन आजोबा काठी आपटतायत. ड्वेनने माझे खांदे धरले, मला वाटलं आता हाच वळवणार, पण तो नुसता धरून उभा राहिला. 

ब्रँटने कमरेच्या टॉवेलला हात पुसला. एकदा, दोनदा, तीनदा, चौथ्यांदा उलटा हात. हे मला कुणी सांगितलंच नव्हतं! चार वर्षं मागच्या रांगेला विचारत होते, कसा दिसतो, काय करतो, कुणी सांगितलं का की तो चार वेळा हात पुसतो? मग त्याची बोटं चेंडूवर बसली, अशी अलगद, आणि... चेंडू गेला. काय गेला हो! सरळ! धरणाऱ्याला हात हलवावा लागला नाही! आणि त्याच क्षणी तिघे अंगावर पडले त्याच्या, तीन दांडगे, एकावर एक. मी म्हणतेय, उठ. बाळा, उठ. एक उठला. दुसरा उठला. मग खालून एक हात दिसला, मग हेल्मेट, वाकडं झालेलं, ते त्याने सरळ केलं आणि उभा राहिला. तेव्हा कुठे माझा श्वास सुटला.

आणि मग मला कळलं, आमच्या विभागात कुणीच ओरडत नाहीये. पलीकडे त्यांच्या कोचच्या डोक्यावर आंबट पाण्याचं पिंप उलटं केलेलं, तो ओलाचिंब, डोळे चोळत हसतोय. रोशेल तोंडावर हात धरून बसलेली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला, तिने झटकला नाही, पण माझ्याकडे बघितलंही नाही. ओरिन आजोबांनी माझ्याकडे इतका वेळ बघितलं, इतका वेळ, की मला वाटलं मी स्वतः जाऊन चेंडू अडवला. "बघितलंस?" म्हणाले.

"बघितलं," मी म्हटलं. खोटं कशाला बोलू? आणि मनात म्हटलं, हजारदा माफ करा आजोबा, पण तो सरळ गेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलच्या नाश्त्याला आमच्या टेबलावर कुणी आलं नाही, फक्त ब्रँट आला, नाक खरचटलेलं, ताटलीत चार वॅफल, आणि हळूच म्हणाला, "आई, सगळ्यांना विचारायची लाज वाटते, मी खाली दबलो होतो, तू तर बघत होतीस, किक खांबांच्या डावीकडून गेली की उजवीकडून?" आणि मला सांगता आलं नाही.