शेवटच्या परिच्छेदातला दौलत

मंडळी, बसून घ्या. शेतातली कामं टाकून तुम्ही आलात. मी पस्तीस वर्षं या मोताळा तालुक्याच्या बातम्या पेपरला पाठवल्या, वेळेवर पाठवल्या. आज मात्र बोलणं उशिरा सुचतंय. सांभाळून घ्या.

किसनभाऊ गेले. एकाहत्तरच्या लढाईला आपल्या गावातून गेलेले ते एकटेच. त्या विजयानं आपल्याला वेशीवरची कमान दिली, शाळेला डिसेंबरातली प्रभातफेरी दिली. लग्नपत्रिकेत भाऊंच्या नावापुढे आपण ‘विजयी वीर’ छापू लागलो. भाऊंना काय मिळालं? दरवर्षी एक शाल. पेटी भरली होती. "गावच्या साऱ्या बकऱ्यायले पांघराले पुरतीन," म्हणायचे.

फौजेत ते ट्रक चालवायचे. शाळेतल्या पोरांना मात्र रणगाडा हवा असायचा. किती फोडले, विचारायचे. "म्या टायर फोडले, बाप्पा. तेबी आपल्याच गाडीचे." सगळे हसायचे. मग भाऊ दौलतचं सांगायला लागायचे, आणि तेवढ्यात कोणीतरी घोषणा सुरू करायचं.

दौलत म्हणजे त्यांच्या ट्रकवरचा जोडीदार. जळगाव जामोदकडचा. लढाई जिंकली, छावणीत लाडू वाटले, आणि त्याच आठवड्यात तो तापानं गेला. गोळी लागली नाही, म्हणून त्याच्या गावच्या शहिदांच्या दगडावर त्याचं नाव नाही.

भाऊंचं मागणं एकच होतं. दौलतचं नाव एकदा पेपरात यावं. मी दरवर्षी लिहायचो. शेवटच्या परिच्छेदात. आमच्या कामात महत्त्वाचं वर, बाकीचं खाली. जागा कमी पडली की कात्री खालून लागते. आणि विजय दिनाच्या अंकात शुभेच्छांच्या जाहिराती फार. दौलत दरवर्षी कापला गेला. दरवर्षी.

मागच्या डिसेंबरात भाऊ म्हणाले, "काऊन बे, तू त्याले खालीच काऊन बसवतं? वर घे ना."

"घेतो, भाऊ."

"मी हाव तवरक घे."

परवा भाऊ गेले. मी निवृत्त झालोय, तरी बातमी मीच लिहिली. आधी भाऊ, मग त्यांचे सत्कार, मग अंत्ययात्रेची वेळ. शेवटी दौलत. हात सवयीनं चालला. काल पेपर उघडला. तुम्हीही वाचला असेल. दौलत त्यात नव्हता.

कोणाला बोलू? कात्री त्यांची, पण जागा मी ठरवली होती. दौलतला डोळ्यांनी पाहिलेला माणूस आता आपल्यात नाही. आज मी इथे त्याचं नाव मोठ्यानं घेतोय. ज्याला ऐकायचं होतं तो ऐकत नाही. याला भरपाई नाही, मंडळी. मी शोधली.

उभे राहू या. घोषणा नकोत. दोन मिनिटं फक्त गप्प राहू.

पहिलं मिनिट दौलतचं. दुसरं किसनभाऊंचं. दौलतच्या खाली बसायला भाऊंची ना नसेल.