विटेची भिंत

आर्किटेक्टच्या ऑफिसबाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी एक नवरा-बायको बसले होते. ती नर्सच्या गणवेशातच आली होती. त्याच्या मांडीवर नव्या घराचा नकाशा पसरलेला होता.

“बेडरूम आणि हॉलमधली भिंत कुठे गेली?”

“तिथे प्लायवूडचं पार्टिशन टाकतोय. तेवढाच हॉल मोठा होतो.”

“मला न विचारता?”

“विचारायचं काय त्यात? चार माणसं आली तर बसायला जागा नको?”

“माणसं कधीतरी येतात. मी रोज नाइट ड्युटी करून येते आणि दिवसा झोपते. प्लायवूडमधून तुमच्या आईंचा टीव्ही ऐकू येणार, मुलांची भांडणं ऐकू येणार.”

“आत्ताही येतंच की ऐकू. सवय झालीये तुला.”

“सवय? परवा सलाईन बदलताना मी उभ्या उभ्या झोपले. पेशंटने हाक मारून मला जागं केलं.”

“हे तू मला सांगितलं नाहीस.”

“घरात पाऊल टाकल्या टाकल्या सांगितलं. तुम्ही म्हणालात, आधी चहा टाक.”

“बरं, हळू बोल. लोक बघताहेत.”

“बघू देत. ओटा लहान केलात, बाल्कनी घालवलीत, माझ्या कपाटाची जागा चपलांच्या रॅकला दिलीत. मी एका शब्दाने बोलले नाही. पण ही भिंत विटेचीच होणार.”

“मग हॉलमध्ये सोफा मावणार नाही.”

“जमिनीवर बसा.”

आतून हाक आली. तो उठायला लागला, तेवढ्यात तिने त्याच्या हातातला नकाशा ओढून घेतला.

“तुम्ही बसा. आत मी एकटी जाते.”