लापशीचं पुण्य

हॅलो?… कोण, रसीलामासी? हो, हो, मी भाविषाच… जय श्रीकृष्ण, मासी… नाही, आवाज ठीक आहे, फोन खांद्यात धरलाय. दोन्ही हात गुंतलेत… कशात म्हणजे? गाईच्या घशात नळी घातलीय.

हो, पांजरापोळीतच… बरोबर आहे, मंगळवार-शनिवारच असते मी इथं. पण संक्रांत झाली की दुसऱ्या दिवशी, वासी उत्तरायणाला, न बोलावता येते. दर वर्षी… नवस कसला हो? आदल्या दिवशी सगळं गाव पुण्य करतं, ते दुसऱ्या दिवशी कुणीतरी निस्तरायला नको का?

काय म्हणालात?… सासूबाईंनी फोन केला होता? काय म्हणत होती तुमची बहीण?… हां, तेच. सणासुदीला सून शेणात बसलीय. बरोबरच म्हणाल्या, शेणातच बसलेय.

व्हिडिओ?… काल तुमच्या निमेशनं काढलाच की! ग्रुपवर पाहिला मी. आधी जयंतीमासांचा फोटो, त्याला हार, खाली ‘पप्पांच्या स्मरणार्थ’, मागं भजन, आणि मग लापशीत तोंड घालून बसलेल्या गाई. गाईंपेक्षा निमेशच जास्त दिसतोय त्यात, पण असो… आजचा? आजचाही काढते की. सात गाई आडव्या पडल्यात. मान पोटाकडं वळवून दात करकर वाजवतायत. भजन कुठलं लावू?

नाही, नाही… नजर नाही लागली, मासी. लापशी लागली.

अहो, ऐका ना… ऐका तर… शुद्ध तुपाची होती, मान्य. गूळ कोल्हापुरी होता, तेही मान्य… मी कुठं म्हटलं खराब होती? चांगली होती, हाच तर घोटाळा! खराब असती तर तोंड फिरवलं असतं त्यांनी. जनावर आहे, माणूस थोडंच आहे की लग्नात वाढलं म्हणून खाईल?

मासी, मला सांगा, तुमचं खाट्या ढोकळ्याचं पीठ रात्रभर ठेवलं की काय होतं?… हां. आंबतं, फुगतं. तसंच. यांच्या पोटाला गवताची सवय. त्यात पाटी-पाटीनं घुगऱ्या आणि वर लापशी गेली, की आत सगळं आंबतं. ते आम्ल रक्तात उतरतं. मग जनावर बसतं ते उठत नाही… ओवा? नाही हो, ओव्यानं तुमचं पोट उतरेल. हिचं नाही.

वेजाभाई, डोकं वर धरा तिचं… अहो, तुम्हाला नाही मासी. तुमचं वरच आहे.

ही? ही लाखी. कपाळावर पांढरा ठिपका. काल तुमचा पदर चाटत होती बघा… तीच, तीच. गोडच आहे ती. मी आले की हंबरते, सुई टोचणारी बाई आलीय हे ठाऊक असून. आज नाही हंबरली. कान गार पडलेत. सलाईन लावलंय, सोडा पाजलाय. उभी राहिली तर वाचली.

मागं कोण ओरडतंय एवढं?… कापला का कुणाचा पतंग? बरं झालं… नको, ऊंधियुं राखून ठेवू नका. आज ताटाकडं बघवणार नाही मला.

काय?… परत सांगा… आजसुद्धा लापशी? टेम्पो निघालासुद्धा?

मासी, घरातल्या दुसऱ्या फोनवरून निमेशला फोन करा. आत्ता. त्याला म्हणावं, परत फिर… अहो, मासांच्या नावानं बोललेला नवस दोन दिवसांचा असेल, पण पोट तेच आहे ना त्यांचं!… चार असतात? हो, शाळेत शिकवतात तसं. चारही कालच भरली, मासी.

प्राणलालभाई हो म्हणाले?… ते म्हणणारच! विश्वस्त आहेत ते, देणगीदाराला नाही म्हटलं तर त्यांची जीभ झडेल. मी सकाळी सांगायला गेले तर मला काय म्हणाले माहितीय? बेन, तुम्ही अर्धवेळ डॉक्टर, मतंही अर्धवेळच ठेवा… हसा, हसा. गाई मात्र पूर्णवेळ मरतात.

बरं, मग सुका चारा पाठवा. कडबा पाठवा… का?… फोटोत शोभत नाही? हो, तूप चकाकतं, खरंय.

मग असं करा. टेम्पो इथं थांबवूच नका. तसाच पुढं नदीकाठी जाऊ दे, लोहारांच्या पालांवर. पोरंबाळं आहेत, म्हातारी माणसं आहेत, गरम लापशी मिळाली तर बोटं चाटून खातील… का नाही?… नवसात गाय बोललीय? माणूस नाही चालत?… हो, माणूस उद्या पुन्हा मागायला येतो. गाय मुकी. मुकी आहे म्हणूनच तर आवडते आपल्याला, मासी. पोटात कळा आल्या तरी देणाऱ्याचं नाव सांगत नाही.

लागला का निमेशचा फोन?… लावलाच नाही? मग मघापासून…

थांबा. थांबा मासी… लाखी! ए लाखी!… वेजाभाई, मान सोडा, पाय मोकळे करा तिचे… वळवा, इकडं वळवा… लाखी… अगं ऊठ ना, बाई… ऊठ…

राहू द्या, वेजाभाई. नळी काढा… मी काढते. तुम्ही सोडा.

…हॅलो. हो, आहे मी… लाखी गेली, मासी.

रडू नका… नाही, तुमच्या मनात वाईट नव्हतं, मला ठाऊक आहे. कुणाच्याच मनात नसतं हो! दर वर्षी इथं शेणात बसून मी शोधते, कुणावर ओरडू म्हणून, आणि जो तो हात जोडून उभा… मलाही येतंय रडू. मी दगड आहे का?

काय?… हो.

हो मासी. भरल्या पोटानंच गेली.

अं?… टेम्पोचं काय?… लाखीच्या नावानं? म्हणजे… तिच्या आत्म्याला शांती मिळावी म्हणून आजची लापशी… उरलेल्या गाईंना?

वेजाभाई, हॉर्न वाजतोय बघा. निमेश असेल. फाटकाला आतून कुलूप घाला… प्राणलालभाई आले तरी नाही उघडायचं. किल्ली माझ्याकडं द्या.

नाही, मासी, तुमच्याशी नाही बोलत. तुमच्याशी बोलून झालं माझं.